तोफेचा आवाज आणि उखळीचा मारा : मराठी इतिहासकथनाची एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : कोयना खोऱ्यातील वासोटा, इ.स. १८१८)

१. प्रस्तावना

मराठी वाचकाच्या मनात सर्वांत खोल रुजलेली तोफ कोणती, असा प्रश्न केल्यास उत्तर बहुधा एकच मिळेल : विशाळगडावर झालेले इशारतीचे बार. शिवाजी महाराज गडावर सुखरूप पोहोचले हे बाजीप्रभूंना कळविणारा तो आवाज बखरी, पोवाडे, शालेय पाठ्यपुस्तके, नाटके आणि चित्रपट यांतून पिढ्यान् पिढ्या ऐकू येत राहिला आहे. समकालीन पुराव्याच्या कसोटीवर या प्रसंगाचा तपशील वादाचा ठरला असला, तरी लोकमानसातील त्याचे स्थान अढळ आहे. मात्र या तोफेला लक्ष्य नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ती कोणावर डागलेली नाही. तिचे कार्य निरोप पोहोचविणे एवढेच आहे.

त्याच वेळच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात (इ.स. १६६०) दुसरीही एक तोफ होती. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा सिद्दी जौहरच्या मदतीस उखळी तोफ आणि स्फोटक गोळे घेऊन गेला होता. त्याची शिक्षा म्हणून १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह काही इंग्रज कैदेत पडले. ही घटना इतिहासग्रंथांत नोंदलेली आहे. तथापि तिचे कथन होते ते इंग्रजांच्या विश्वासघाताची आणि महाराजांनी केलेल्या शासनाची गोष्ट म्हणून. ती तोफ कशी होती, ती गडावर कशासाठी आणली गेली, नेहमीच्या लांब तोफेने जे साधत नव्हते ते तिने कसे साधावयाचे होते, हे प्रश्न कथनाबाहेरच राहतात.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच अभाव आहे. मराठी इतिहासकथनाने तोफेचा आवाज जपला, परंतु तोफखाना ही एक व्यवस्था आहे हे दृष्टीआड केले. आणि त्यामुळे १८१८ मधील किल्ल्यांच्या पाडावाचे जे स्पष्टीकरण आपल्याकडे रूढ झाले ते अपुरे व कित्येकदा अन्यायकारक ठरले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी कोयनानगरच्या उत्तरेस, कोयनेच्या खोऱ्यात उभ्या असलेल्या वासोटा किल्ल्याचे उदाहरण घेतले आहे.

२. तोफ आणि उखळी तोफ : तंत्रभेद

‘तोफ’ हा शब्द तुर्की ‘तोप’वरून फारसीमार्गे मराठीत आला. ‘उखळी तोफ’ हे नाव मात्र घरातले आहे. आखूड, रुंद तोंडाची, आकाशाकडे पाहणारी ही तोफ धान्य कांडण्याच्या उखळासारखी दिसते, म्हणून ती उखळी. युरोपीय भाषांतही तिचे नाव उखळावरूनच पडले आहे.

या दोन प्रकारांतील फरक केवळ आकाराचा नाही. लांब नळीची तोफ भरीव गोळा जवळजवळ सरळ रेषेत फेकते. तिचे काम भिंत फोडणे, दरवाजा पाडणे किंवा मैदानात उभी असलेली फळी विस्कटणे हे होय. उखळी तोफ साधारणतः पंचेचाळीस अंशांच्या किंवा त्याहून अधिक कोनात गोळा वर फेकते. गोळा मोठी कमान घेऊन भिंतीच्या माथ्यावरून आत पडतो. हा गोळा बहुधा पोकळ, आत दारू भरलेला आणि वात लावलेला असतो. जुन्या मराठीत त्यास कुलपी गोळा म्हणत. वात जळून आत पोहोचली की तो फुटतो. पल्ला कमीजास्त करण्यासाठी तोफेचा कोन फारसा न बदलता दारूचे माप बदलले जाते. धक्का मागे न जाता मुख्यतः खाली जात असल्यामुळे तिला चाकांच्या गाड्याऐवजी जड लाकडी बैठक लागते. नळी आखूड असल्याने डोंगरावर चढविण्यास ती त्याच तोंडाच्या लांब तोफेपेक्षा पुष्कळ सोपी असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच अभियंता कूहोर्न याने काही माणसांनी उचलून नेता येईल अशी लहान उखळी तोफ प्रचारात आणली, तेव्हापासून वेढ्याच्या युद्धात तिचे महत्त्व वाढत गेले.

सह्याद्रीतील किल्ल्यांच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. येथील दुर्गाची खरी तटबंदी म्हणजे कातळकडा. मानवनिर्मित भिंत फोडता येते. पाचशे फूट उंचीचा ताशीव कडा फोडता येत नाही. लांब तोफ खालून वर धरली तर गोळा कड्यावर आदळून वाया जातो. म्हणून अशा किल्ल्यांविरुद्ध दीर्घ काळ उपाय तीनच होते : उपासमार, सुरुंग आणि फितुरी. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती प्रामुख्याने सुरुंगांच्या बळावर. पण वसईचा कोट सपाटीवरचा होता. डोंगरी किल्ल्यापुढे सुरुंगाचीही मर्यादा होती. उखळी तोफेने कडा फोडण्याचा प्रश्नच बाद केला. कडा तसाच राहिला. गोळा त्याच्या डोक्यावरून आत गेला. गवताने शाकारलेली घरे, धान्याची कोठारे, दारूखाना आणि पाण्याची टाकी, म्हणजे किल्ल्याचे सारे जीवन, या माऱ्याखाली आले.

३. भाषेतील तोफ

मराठी भाषेने तोफेला मुख्यत्वे तोंड आणि कंठ दिला. प्रभावी वक्त्याला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. भाषणातून ‘तोफ डागली’ जाते, प्रश्नांचा ‘भडिमार’ होतो, निष्फळ प्रयत्न ‘फुसका बार’ ठरतो आणि निरपराध माणूस ‘तोफेच्या तोंडी’ दिला जातो. या सर्व प्रयोगांत तोफ बोलते, गरजते किंवा गिळते. ती ओढली जात नाही, तिच्यासाठी रस्ता केला जात नाही, तिच्या बैलांना वैरण लागत नाही.

मुलूखमैदान तोफेचेच उदाहरण पाहावे. १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ओतलेली ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ पुढे परांड्यास गेली आणि तेथून १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. हत्ती गिळणाऱ्या हिंस्र पशूच्या आकाराचे तिचे तोंड प्रत्येक वर्णनात येते. ती वाहून नेण्यास शेकडो बैल लागल्याची आणि तिच्या जोडीची ‘कडक बिजली’ कृष्णा ओलांडताना नदीत बुडाल्याची परंपरागत कथाही सांगितली जाते. वस्तुतः या दुसऱ्या कथेतच तोफखान्याचे मर्म आहे. युद्धसाहित्याचे सामर्थ्य त्याच्या तोंडात जितके असते तितकेच ते हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या दिवशी पोहोचविण्यात असते. नदीच्या तळाशी गेलेली तोफ कितीही अजस्र असली तरी तिचा युद्धाला उपयोग नाही. लोकभाषेने मात्र विजापूरच्या बुरुजावरची तोफ उचलली. कृष्णेच्या पात्रातली सोडून दिली.

बखर वाङ्मयात हीच दृष्टी कथनाची रीत बनते. भाऊसाहेबांच्या बखरीत आणि तिच्या प्रभावाखालील नंतरच्या लेखनात पानिपतपूर्व मसलतीचा पेच व्यक्तींच्या मानापमानातून उभा राहतो : एकीकडे गनिमी काव्याचा कैवारी मल्हारराव होळकर, दुसरीकडे तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी. वाचकाला दोन पुरुषांतील संघर्ष दिसतो. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला ज्या तोफखान्याने विजय मिळवून दिला, त्याचाच जड पसारा १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर का अडला आणि उंटांवर लादलेले अब्दालीचे जंबुरे त्याच मैदानात चपळाईने का फिरू शकले, हा खरा प्रश्न होय. तो शौर्याचा नसून वजनाचा, वेगाचा आणि रसदीचा आहे. शेजवलकरांसारख्या अभ्यासकांनी पानिपतची चर्चा राजकीय व लष्करी कारणांच्या पातळीवर आणली. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीने गारदी तोफखान्याला ठळक स्थान दिले. परंतु सर्वसाधारण कथनात अद्यापि बखरीचाच साचा प्रबळ आहे.

४. आज्ञापत्राची वेगळी परंपरा

वरील विवेचनावरून मराठी परंपरेला तोफखान्याचे व्यावहारिक ज्ञान नव्हते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ (इ.स. १७१५ च्या सुमारास) हा याचा लेखी पुरावा आहे. त्यातील दुर्गप्रकरण वाचताना पानोपानी जाणवते ती लेखकाची वस्तुनिष्ठ नजर. मोठ्या तोफांस त्यांच्या वजनाप्रमाणे लोखंडाने बांधलेले मजबूत गाडे असावेत, तोफा साफ करण्याची हत्यारे सिद्ध ठेवावीत, दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू ठरावीक दिवसांनी उन्हात टाकावी, अशा सूचना तेथे आहेत. दमट हवेत दारू निकामी होते हे कोकणात व घाटमाथ्यावर राहिलेल्या माणसाचे ज्ञान आहे.

त्याहून महत्त्वाची सूचना किल्ल्याच्या जागेविषयी आहे. किल्ल्याजवळ त्याच्या माऱ्यातील दुसरा डोंगर असू नये. असल्यास तो सुरुंग लावून फोडावा. तेही शक्य नसेल तर तो बांधून किल्ल्याच्या आत घ्यावा, असा त्या सूचनेचा आशय आहे. या एका नियमामागे पुरंदरचा अनुभव उभा दिसतो. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला तेव्हा अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर अशा नावांच्या जड तोफा मोठ्या कष्टाने चढवून प्रथम शेजारचा वज्रगड एप्रिलमध्ये घेतला. वज्रगड पडताच पुरंदरची माची उघडी पडली. जूनमध्ये तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. मुरारबाजींचा पराक्रम मराठी मनात अमर आहे आणि तो तसा असणे योग्यच आहे. पण आज्ञापत्रकाराने वेढ्यांच्या अशा अनुभवातून जो धडा घेतला तो वीरश्रीचा नाही. तो डोंगराच्या अंतराचा आहे.

म्हणजे मराठी गद्यात दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या : एक आज्ञापत्राची, जी गाडा, दारू, अंतर आणि पाणी मोजते, दुसरी बखरीची, जी आवाज ऐकते. शिवाजी महाराजांची स्वतःची दृष्टी पहिल्या परंपरेची होती. जंजिऱ्यासमोर उपयोगी पडतील अशा उखळी तोफा व गोळे इंग्रजांकडून मिळावेत, हा मुंबईकरांशी चाललेल्या त्यांच्या बोलण्यांतील एक हेतू होता. एकोणिसाव्या शतकानंतरच्या ऐतिहासिक वाङ्मयाने वारसा मात्र दुसऱ्या परंपरेचा घेतला.

५. वासोटा : दोन वेढे

कोयना धरण (बांधकाम १९५६–१९६४) आणि त्याचा शिवसागर जलाशय यांमुळे वासोट्याचे भूगोलातील स्थान आज बदललेले वाटते. दक्षिण टोकाला धरणाची भिंत आणि कोयनानगर, उत्तरेकडे पसरत गेलेले पाणी आणि त्या पाण्याच्या पश्चिम काठावर घनदाट अरण्यात हा किल्ला. बामणोलीहून नावेने पायथ्याच्या मेट इंदवलीस उतरावे लागते. परंपरेने शिलाहारकालीन मानला जाणारा हा दुर्ग दारूगोळ्याच्या पूर्वीच्या काळातला आहे. त्याच्या दक्षिणेस, मध्ये दरी ठेवून, तेवढ्याच उंचीचा एक डोंगर उभा आहे. त्याला जुना वासोटा म्हणतात. आज्ञापत्राचा नियम लावला तर वासोट्याचे वैगुण्य नकाशावरच दिसते. तो डोंगर फोडता येण्याजोगा नव्हता आणि बांधून आत घेण्याजोगाही नव्हता.

या किल्ल्याने अकरा-बारा वर्षांच्या अंतराने दोन वेढे पाहिले. पहिला १८०६–०७ चा. परशुराम श्रीनिवास प्रतिनिधींच्या पक्षाने लढणाऱ्या ताई तेलिणीने पेशव्यांचा सेनापती बापू गोखले याच्याविरुद्ध वासोटा सुमारे आठ महिने झुंजवला. शेवटी धान्याच्या कोठारास आग लागल्यामुळे तिला किल्ला सोडावा लागला. या झुंजीवरची यमकबद्ध उक्ती सातारा भागात आजही म्हटली जाते आणि तीत गोखल्यांची थट्टा आहे.

दुसरा वेढा १८१८ चा. फेब्रुवारीत सातारा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, त्याच महिन्यात अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या गोटात आले. मार्चच्या आरंभी सिंहगड व मध्यास पुरंदर घेतल्यावर जनरल प्रिट्झलरची फौज मार्चअखेर कोयनेच्या खोऱ्यात उतरली. वासोट्यावर त्या वेळी सातारकर छत्रपतींच्या घराण्यातील काही मंडळी आणि युद्धाच्या आरंभी पकडलेले हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी होते. किल्लेदाराने शरणागतीस नकार दिला. इंग्रजांनी जंगलातून वाट काढून जुन्या वासोट्याची जागा ताब्यात घेतली, उखळी तोफा माऱ्याच्या टप्प्यात चढविल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मारा सुरू केला. मारा सुरू झाल्यानंतर किल्ला फार काळ टिकला नाही. त्याच आठवड्यात तो खाली झाला.

आठ महिने आणि काही दिवस, हा फरक विचारात घेण्याजोगा आहे. किल्ला तोच, कडा तोच, अरण्य तेच. पहिल्या वेढ्याचा शेवट कोठाराच्या आगीने झाला. दुसऱ्या वेढ्यात कोठार, घर आणि माणूस यांच्यावर आग वरून पाडण्याचे साधन वेढा घालणाऱ्याच्या हाती होते. पहिल्या वेळी जे दैवाने घडले ते दुसऱ्या वेळी तंत्राने घडवून आणता येत होते.

वासोटा याला अपवाद नाही. सिंहगडापुढे शिबंदीने १ मार्च १८१८ रोजी पांढरे निशाण दाखवीपर्यंत इंग्रजांनी १,४१७ फुटणारे गोळे आणि २,२८१ भरीव गोळे खर्ची घातले होते. मे महिन्यात रायगडावर कर्नल प्रॉथरने मारा केला, त्यात पोटल्याच्या डोंगराचा उपयोग झाला. गडावरील वाडे व घरे आगीत गेली आणि १० मे रोजी रायगड पडला. वज्रगड, जुना वासोटा, पोटला : तीन किल्ल्यांचे तीन शेजारी. आज्ञापत्रातील त्या एका वाक्याचे प्रात्यक्षिक दीडशे वर्षांत तीनदा झाले.

६. रूढ स्पष्टीकरणांची तपासणी

किल्ल्यांच्या पाडावाची तीन स्पष्टीकरणे मराठीत रूढ आहेत : फितुरी, अवसानघात आणि तांत्रिक मागासलेपण.

फितुरी काही ठिकाणी निश्चित घडली. परंतु ज्या किल्ल्यासाठी रस्ता करावा लागला, तोफा चढवाव्या लागल्या आणि प्रत्यक्ष मारा करावा लागला, तो किल्ला फितुरीने गेला असे म्हणता येत नाही. फितुरी हा दारूगोळा वाचविण्याचा मार्ग असतो; १,४१७ कुलपी गोळ्यांचा खर्च हाच तिच्याविरुद्धचा पुरावा आहे.

अवसानघाताचे स्पष्टीकरण शिबंदीच्या धैर्यावर बोट ठेवते. ताई तेलिणीच्या आठ महिन्यांशी १८१८ च्या काही दिवसांची तुलना करून ‘पूर्वीसारखी माणसे राहिली नाहीत’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो टाळला पाहिजे. तटावर उभा राहून समोरच्या शत्रूशी लढणे आणि डोक्यावरून येणाऱ्या, कोठे पडेल हे न कळणाऱ्या, पडल्यावर फुटणाऱ्या गोळ्याखाली बसून राहणे या दोन भिन्न परीक्षा आहेत. दुसरीत पराक्रमाला वावच नसतो. बखरीच्या साच्यात अशा प्रसंगासाठी जागा नाही, म्हणून बखरीच्या वारसदारांनी एक तर मौन पत्करले किंवा दोष माणसांच्या माथी मारला.

तिसरे स्पष्टीकरण अधिक विद्वन्मान्य आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मधील आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या तोफखान्याचे परावलंबित्व दाखवून दिले, आणि पानसे घराण्यासारख्या तोफखान्याच्या दरकदारांची परंपरा असूनही पेशव्यांना परकीय तज्ज्ञांची गरज भासत राहिली हे खरेच आहे. तथापि ‘मागासलेपण’ हा शब्द सरसकट लावता येत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची अशी हानी केली की मृत व जखमींची संख्या दीड हजारांवर गेली. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, पण गोलंदाज तोफांपाशीच मारले गेले. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात १८०३ च्या पराभवाचे कारण तोफांच्या दर्जात नसून सैन्याच्या अर्थकारणात व परकीय अधिकाऱ्यांना फोडण्यात होते, असे साधार मांडले आहे. मैदानी तोफखान्यात बरोबरी साधलेली सत्ता डोंगरी किल्ल्यांवर मात्र जुन्याच गृहीतावर विसंबून होती : कडा पुरेसा आहे. ‘तोफखाना’ या एका शब्दाखाली मैदानी तोफ, बुरुजावरची तोफ आणि वेढ्याची उखळी तोफ यांची सरमिसळ केल्यामुळे हा विसंवाद अभ्यासकांच्याही नजरेतून निसटला.

येथे एक आक्षेप संभवतो. १८१८ मध्ये सुटकेची आशाच उरली नव्हती. पेशवा पळतीवर, सेनापती मृत, छत्रपती इंग्रजांच्या गोटात. अशा स्थितीत उखळी तोफा नसत्या तरी वासोटा आज ना उद्या पडलाच असता. हा आक्षेप ग्राह्य आहे. किल्ला बाहेरच्या मदतीच्या भरवशावर लढतो, आणि ती मदत संपली होती. परंतु ‘आज ना उद्या’ यातील ‘उद्या’ किती दूरचा, यालाच युद्धात महत्त्व असते. पावसाळा दोन महिन्यांवर होता. कोयनेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर वेढा चालविणे किती दुष्कर, हे येथील पाऊस पाहिलेल्यास सांगावयास नको. डोंगरी किल्ल्यांच्या संरक्षणाचे गणितच पावसाळा गाठण्यावर उभे होते. उखळी तोफेने ते गणित मोडले. राजकीय कारणांनी पराभव निश्चित केला असेल. तो एका उन्हाळ्यात उरकला जाण्यात तोफखान्याचा मोठा वाटा होता.

७. साधनांच्या मर्यादा

मराठी कथनाची चिकित्सा करताना इंग्रजी साधने निर्दोष मानणे हीही चूक होईल. ब्लॅकरचे १८२१ मधील युद्धवृत्त किंवा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास राहिलेल्या ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास यांत मोहिमेचा क्रम व तारखा नेमक्या मिळतात. सिंहगडावर किती गोळे पडले ते कळते. ते ज्यांच्यावर पडले त्यांची नावे कळत नाहीत. तोफा कोणी ओढल्या, जंगल कोणी तोडले, बैल कोणाच्या गोठ्यातून आणले, याविषयी ही साधने जवळजवळ मूक आहेत. बखर आवाज ऐकते, इंग्रजी वृत्तांत गोळे मोजतो. खोऱ्यातला माणूस दोहोंतही नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढणारे साहित्य याच परिसरातून प्रकाशात आले, हे विशेष. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये वाईहून निघाला. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून पटवर्धनांचा पत्रव्यवहार छापला. पत्रे लिहिणारी माणसे मोहिमेवर होती. त्यांना रोजचा मुक्काम, वैरण, पैसा आणि दारूगोळा यांची विवंचना होती. बखरीपेक्षा हे लेखन आज्ञापत्राच्या परंपरेला जवळचे आहे. राजकारणाच्या सूत्रांसाठी ही पत्रे पुष्कळ वाचली गेली. तोफखान्याच्या अर्थकारणासाठी ती पुन्हा वाचण्यास अजून वाव आहे.

मौखिक साधनांची स्थिती अधिक चिंताजनक आहे. धरणामुळे पाटण व जावळी तालुक्यांतील गावे उठली, माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत विखुरली. अशा खोऱ्यात वाटांची, माळांची आणि मेटांची नावे हाच इतिहासाचा दस्तऐवज असतो. नाव सांगणारा माणूस आणि दाखवावयाची जागा यांची ताटातूट झाली की तो दस्तऐवज वाचता येत नाही. खोऱ्यातल्या जुन्या वाटांचा बराच भाग आज शिवसागराच्या पाण्याखाली आहे, आणि उरलेल्या अरण्यात अभयारण्याच्या (१९८५) व व्याघ्रप्रकल्पाच्या (२०१०) नियमांनुसारच वावर शक्य आहे. जुन्या पिढीतील विस्थापितांकडून स्थलनामे व स्मृती नोंदवून घेणे हे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल आणि मराठी या तिन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे आहे, आणि त्याला आता फार अवधी उरलेला नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

(१) मराठी इतिहासकथनात तोफ ही प्रामुख्याने आवाज, इशारा किंवा चमत्कार म्हणून येते. रस्ता, बैल, दारू, अंतर आणि पैसा यांची व्यवस्था म्हणून ती क्वचितच येते.

(२) ही मर्यादा मराठी परंपरेची मूळची नव्हे. आज्ञापत्र व पत्रव्यवहार यांत व्यवस्थेची जाण स्पष्ट आहे. उत्तरकालीन ऐतिहासिक वाङ्मयाने बखरीचा मार्ग निवडल्यामुळे ती मागे पडली.

(३) मैदानी तोफ आणि उखळी तोफ यांचा भेद लक्षात घेतल्याशिवाय १८१८ मधील डोंगरी किल्ल्यांचा झपाट्याने झालेला पाडाव समजत नाही. असईच्या आधारे ‘मागासलेपण’ सिद्ध होत नाही आणि वासोट्याच्या आधारे भ्याडपणा सिद्ध होत नाही.

(४) फितुरी व अवसानघात ही स्पष्टीकरणे पुराव्याविना वापरणे म्हणजे ज्यांना आपली बाजू मांडण्याची संधीच मिळाली नाही अशा शिबंदीवर दोषारोप करणे होय.

वर्गात १८१८ शिकविताना विद्यार्थी हमखास विचारतात : एवढे बळकट किल्ले इतक्या लवकर कसे पडले? या प्रश्नाला ‘घरभेद्यांमुळे’ हे उत्तर सोपे आहे आणि ते ऐकणाऱ्याच्या मनात संशयाचे बी पेरते. वासोटा आणि जुना वासोटा यांच्यामधील दरीचे अंतर फळ्यावर काढून त्यावरून जाणाऱ्या गोळ्याची कमान दाखविणे थोडे अधिक कष्टाचे आहे. परंतु त्यातून विद्यार्थी पूर्वजांची लाज बाळगण्याऐवजी त्यांची परिस्थिती समजून घेण्यास शिकेल, आणि इतिहासाच्या अध्यापनाकडून एवढी अपेक्षा वाजवी आहे.